रक्त कशानं तपासलं, ते पिशवीवर लिहा

प्रति,
मा. संचालक, राज्य रक्त संक्रमण परिषद, मुंबई
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : ग्रामीण विदर्भातल्या रक्तपेढ्यांमध्ये एचआयव्हीसाठी होणारी रक्ततपासणी

महोदय,

मी पूर्व विदर्भातल्या एका छोट्या रक्तपेढीत लॅब टेक्निशियन आहे. 19 वर्षं झाली. सरकारी कागदावर 2020 पासून आमचं नाव 'रक्त केंद्र' झालं, पण गावाकडचे लोक अजून रक्तपेढीच म्हणतात, मीही तेच म्हणते.

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू होती तेव्हा, एक बाई तिच्या आठ वर्षांच्या मुलासाठी पिशवी न्यायला खिडकीवर आली. मुलाला थॅलेसेमिया आहे, अंगात रक्त नीट बनत नाही म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. पायाला चिखल तसाच होता, रोवणीवरून थेट निघाली असावी. मी पिशवी हातात दिली, तिनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "ताई, मागं नागपूरले देलं होतं, तवा पिशवीवर 'नॅट' लिवलं होतं. ह्याच्यावर काऊन नाही जी?"

मी म्हटलं, "तपासलेलं आहे बाई, काळजी नको."

"तपासलं असन जी. पन कायनं तपासलं?"

पिशवीच्या लेबलवर रक्तगट होता, संकलनाची तारीख होती, मुदत संपण्याची तारीख होती आणि एचआयव्हीपुढे 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' असा, म्हणजे चाचणीत लागण दिसली नाही असा, शिक्का होता. कोणत्या चाचणीनं, हे कुठंच नव्हतं. दहावीपर्यंत शिकलेल्या त्या बाईनं विचारलेला प्रश्न माझ्या अख्ख्या नोकरीत एकाही वरिष्ठानं मला विचारला नव्हता. हे पत्र मी त्या प्रश्नापायी लिहिते आहे.

'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' हा एकच शब्द, पण त्याची किंमत चाचणीप्रमाणे बदलते. कोरोनानं ही गोष्ट खेड्यापाड्यात शिकवून ठेवली आहे. 'रॅपिड निगेटिव्ह आली, पण आरटीपीसीआर करून घे' हे वाक्य तेव्हा पानठेल्यावरसुद्धा ऐकू यायचं. एचआयव्हीच्या बाबतीत फरक याच जातीचा आहे, फक्त इथं तो जन्मभर पुरतो. दात्याचं रक्त एचआयव्हीसाठी तपासायच्या मुख्य तऱ्हा तीन : रॅपिड, एलायझा आणि नॅट.

रॅपिड म्हणजे हाताच्या बोटाएवढी पट्टी किंवा छोटं कार्ड. त्यावर सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पेशींवेगळ्या द्रवाचा, थेंब टाकायचा, बफर टाकायचा, वीस मिनिटांत रेघ उमटते की नाही ते पाहायचं. पट्टी नीट चालते हे दाखवणारी कंट्रोलची रेघ उमटली नाही तर ती पट्टी फेकायची. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. ही पट्टी शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. रेघ फिकी असली की ती वाचणाऱ्याच्या डोळ्यावर सोडलेली, आणि मागं छापील पुरावा राहत नाही. विषाणूचं अँटिजेनही, म्हणजे त्याचं स्वतःचं प्रथिन, ओळखतात अशा पट्ट्या निघाल्या आहेत, पण त्या कामात त्या प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या एलायझाच्या तोडीच्या नाहीत.

एलायझाची प्लेट 96 घरांची, म्हणजे छोट्या खळग्यांची असते. आठ-आठ घरांच्या पट्ट्या त्यात बसवलेल्या असतात. घराच्या तळाला विषाणूची प्रथिनं चिकटवलेली असतात. दात्याचा सीरम टाकला की त्यात अँटिबॉडी असल्यास ती तळाला धरून बसते, बाकी सगळं धुऊन जातं. मग एन्झाइम जोडलेलं कॉन्जुगेट घालायचं, पुन्हा धुवायचं, मग रंगाचं द्रावण. ज्या घरात काही आहे ते निळं होतं, आम्ल घातलं की पिवळं. रीडर 450 नॅनोमीटरवर प्रत्येक घराचा आकडा काढतो आणि कट-ऑफच्या वर कोण, खाली कोण, हे कागदावर छापून देतो. तिसऱ्या पिढीची एलायझा फक्त अँटिबॉडी पाहते. चौथ्या पिढीची त्यासोबत विषाणूच्या गाभ्यातलं पी-24 हे प्रथिनही पकडते, आणि ते अँटिबॉडी तयार होण्याआधी रक्तात येतं. केमिल्युमिनेसन्स हे याच घराण्यातलं, तिथं रंगाऐवजी प्रकाश मोजतात.

नॅट अँटिबॉडीची वाटच पाहत नाही. ती एचआयव्हीचं आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय पदार्थच शोधते, त्याच्या प्रती वाढवून. एकाच वेळी एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी तिन्ही पाहता येतात. एकेका दात्याचा नमुना वेगळा तपासता येतो, किंवा सहा-आठ-सोळा नमुने एकत्र मिसळून. एकत्र केल्यावर खर्च कमी होतो, पण विषाणू पातळ होतो आणि पकड थोडी सैल पडते.

आता दिवस मोजू. लागण झाल्यापासून पहिला आठवडा-दहा दिवस जगातली कोणतीच चाचणी काही सांगत नाही. नॅटला साधारण 10-11 व्या दिवसापासून दिसायला लागतं. चौथ्या पिढीच्या एलायझाला 16 ते 18 दिवस, तिसऱ्या पिढीला तीन आठवडे, रॅपिडला त्याहूनही पुढचे काही दिवस. माणसागणिक हे मागंपुढं होतं. या मधल्या दिवसांना आम्ही विंडो पिरियड म्हणतो. त्या दिवसांत दाता धडधाकट असतो, हसत शिबिरात येतो, त्याच्या पिशवीवर 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' शिक्का पडतो, आणि तो शिक्का मारणाऱ्या टेक्निशियननं काहीही चूक केलेली नसते.

मग सगळीकडे नॅटच का नको, आणि एलायझा बंद का नको, असं मला नव्या मुली विचारतात. काही लोकांच्या शरीरात विषाणू इतका दबलेला असतो की आरएनए हाती लागत नाही, पण अँटिबॉडी भरपूर असतात. नॅटचे काही किट एचआयव्ही-2 हा विषाणूचा दुसरा प्रकार पाहतच नाहीत. म्हणून एलायझाच्या जोडीला नॅट हवी, तिच्या जागेवर नाही.

शहरातल्या मोठ्या रक्तपेढीत दिवसाला शंभर पिशव्या येतात. प्लेट भरते, एलायझा परवडते, नॅटचं मशीन रिकामं राहत नाही. आमच्याकडे एखाद्या दिवशी चार दाते येतात, एखाद्या दिवशी एक. एलायझा एकेका नमुन्यासाठी बनलेली नाही. प्रत्येक वेळी कंट्रोलसाठी, म्हणजे चाचणी नीट चालली का ते दाखवणाऱ्या ठरलेल्या नमुन्यांसाठी, चार-पाच घरं जातात, मग दात्याचा नमुना एक असो की ऐंशी. तीन नमुन्यांसाठी पट्टी उघडली की कंट्रोलच नमुन्यांपेक्षा जास्त होतात आणि स्टोअरमधून विचारणा येते, किट इतक्या लवकर कसं संपलं? म्हणून नमुने साचवायचे. साचवेपर्यंत कुणाची बायको ऑपरेशन टेबलवर असते. अशा वेळी हात आपोआप रॅपिडच्या खोक्याकडे जातो. खेड्यातल्या रक्तपेढीत रॅपिड वापरलं जातं ते आळसापायी नाही, नमुने कमी असतात म्हणून. मुंबईत बसून हे दिसत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

एक दिवस सांगते. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर ऊन 46 अंशांवर. अकरा नमुन्यांची प्लेट इन्क्युबेटरमध्ये होती. दुसरं धुणं चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीची बसलेली, तीन वेळा लिहून दिलं होतं. वॉशरमध्ये अर्धी प्लेट धुतलेली, अर्धी तशीच. मी हातानं पिपेटनं धुऊन काढायचा प्रयत्न केला, पण रंगाचं द्रावण घातल्यावर सगळीच घरं निळी व्हायला लागली, निगेटिव्ह कंट्रोलसुद्धा. निगेटिव्ह कंट्रोलच निळा झाला म्हणजे प्लेट बाद. तिकडे बाळंतपणात रक्तस्राव सुरू झालेल्या एका बाईसाठी दोन पिशव्या हव्या होत्या. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रॅपिड करून दे. मी दिलं. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आल्यावर त्याच नमुन्यांची एलायझा लावली, सगळे कट-ऑफच्या खाली आले. पण त्या रात्री मी झोपले नाही. पिशव्या शरीरात गेल्यावर एलायझा पिवळी झाली असती तर मी कुणाला काय सांगितलं असतं?

त्या बाईला रक्त देऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की रस्ता बंद होतो, तिथं कुणी बाळंतीण अडकली तर रॅपिड हाच देव. पण आणीबाणीसाठी जे ठेवलं ते रोजच्या वहिवाटीत जायला लागलं, की मग ते आणीबाणीचं राहत नाही.

ज्यांना आयुष्यात एकदाच रक्त लागतं त्यांची जोखीम एका दात्याची. आमच्याकडे सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, दोन्ही रक्ताचे जन्मजात आजार. सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला रक्त लागत नाही, पण हिमोग्लोबिन एकदम खाली गेलं, मेंदूला झटका आला, तर लागतंच, आणि काहींना वारंवार. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. वर्षाला वीस पिशव्या धरल्या तरी दहा वर्षांत दोनशे अनोळखी माणसांचं रक्त त्या लेकराच्या अंगात जातं. दोनशे वेळा विंडो पिरियडशी गाठ. 2022 च्या मे महिन्यात नागपुरातल्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याची आणि त्यातलं एक मूल दगावल्याची बातमी आली. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये झारखंडमधल्या चाईबासातून तशीच बातमी आली. दोन्ही वेळा मी ती बातमी रक्तपेढीत उभ्यानं वाचली आणि हातातल्या वहीत आमच्या मुलांची नावं मोजली.

1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 2047 चं उद्दिष्ट ठेवलं गेलं. गावोगाव तपासणी होते आहे, कार्डं वाटली जात आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही आहेत. मुलाचा आजार शोधायला आपण घरापर्यंत गेलो. त्याला देण्याच्या रक्ताची तपासणी मात्र पिशवी कुठं भरली यावर ठरते. हे मला पटत नाही.

माझी पहिली मागणी सगळ्यात स्वस्त आहे, एक शिक्का लागेल. प्रत्येक पिशवीच्या लेबलवर चाचणीची पद्धत लिहा. 'एचआयव्ही : नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, चौथी पिढी एलायझा' किंवा 'एलायझा व नॅट' किंवा 'फक्त रॅपिड'. नॅट करणाऱ्या खासगी रक्तपेढ्या ते अभिमानानं छापतात. बाकीच्यांनाही छापू द्या. ग्रामीण रुग्णालयातल्या रक्त साठवण केंद्रात तर तपासणी होतच नाही, तिथं मूळ रक्तपेढीतून तपासलेली पिशवी येते, जुळवणी होते आणि दिली जाते. तिथल्या डॉक्टरला समोरच्या पिशवीबद्दल लेबलापलीकडे काहीच कळायचा मार्ग नाही. लेबल बोलकं असलं तर निदान नेहमी रक्त लागणाऱ्या मुलासाठी कोणती पिशवी निवडायची, हे त्याला ठरवता येईल. आणि 'फक्त रॅपिड' असं स्वतःच्या हातानं लिहायची वेळ आली की रक्तपेढीचे प्रमुखही यूपीएसच्या अर्जावर लवकर सही करतील, हा माझा अनुभव सांगतो.

दुसरं. रोजच्या प्रत्येक पिशवीला चौथ्या पिढीची चाचणी सक्तीची करा. एकट्या रॅपिडवर पिशवी द्यायची तर डॉक्टरांचं लेखी कारण हवं, आणि त्याच नमुन्याची एलायझा नंतर झालीच पाहिजे. हे आमच्यासारख्या कमी नमुन्यांच्या ठिकाणी जमावं म्हणून 96 घरांच्या प्लेटचा आग्रह सोडा. एकेक नमुना सुटा लावता येईल अशी लहान यंत्रं मिळतात, चौथ्या पिढीचीच. एका चाचणीचा दर एलायझापेक्षा जास्त पडतो हे खरं. पण कंट्रोलमध्ये वाया जाणारी घरं आणि मुदत संपून फेकलेली किटं हिशोबात धरून एकदा खर्च काढून पाहा. किटाची निविदा काढताना फक्त सर्वात कमी दर पाहू नका. दर खरेदीला कंपनी बदलते, कट-ऑफ बदलतो, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून हात बसवतो.

तिसरं म्हणजे नॅट. ती प्रत्येक तालुक्यात नको. आमच्याकडे मशीन आलं तर ते एसीअभावी आणि नमुन्यांअभावी धूळ खात पडेल, हे मी आधीच सांगून ठेवते. पिशवी इथं राहू द्या, नमुना जाऊ द्या. तांबड्या पेशी नेहमीच्या पिशवीत 35 दिवस टिकतात. नमुना नागपूरला जाऊन अहवाल यायला दोन-तीन दिवस लागले तरी पिशवीचं काही बिघडत नाही, तोवर ती वेगळ्या कप्प्यात थांबेल. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, पण आमच्यासारख्या केंद्रात त्या बनतच नाहीत. दात्याच्या रक्ताच्या एका ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीची गरज, ठरलेल्या तासांत ती फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा, थंड डब्यात घालायचा. हे नवं नाही. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रांवरून व्हायरल लोडचे, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायचे नमुने आजही असेच मोठ्या लॅबकडे जातात. कोरोनात तर आम्ही स्वॅबचे डबे ॲम्ब्युलन्समध्ये ठेवून रोज पाठवले आहेत. नागपूर, चंद्रपूर, अमरावती, यवतमाळ इथं वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं ही केंद्रं होऊ शकतात. एकदम सगळ्या पिशव्यांना जमत नसेल, तर थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या मुलांसाठी लागणाऱ्या पिशव्यांपासून सुरू करा.

एक गोष्ट मात्र नव्या चाचणीच्या उत्साहात विसरू नये, ती दात्याची. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात एका तरुणानं रक्त दिलं. एलायझा कट-ऑफच्या जरासा वर आली. नियमाप्रमाणे पिशवी टाकून दिली, त्याला आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात पाठवायचं होतं. मधल्या मधे कुणीतरी शिबिराच्या आयोजकाला सांगितलं, आयोजकानं गावात. आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या चाचण्या झाल्या, तिन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. तोवर त्याची ठरलेली सोयरीक मोडली होती. त्यानं पुन्हा कधी रक्त दिलं नाही, त्याच्या गावानंही बरीच वर्षं शिबिर घेतलं नाही.

हिशोबासाठी धरून चाला, दहा हजार दात्यांत दहा जणांना खरी लागण आहे आणि चाचणी निरोगी माणसाच्या बाबतीत 99.5 टक्के बरोबर आहे. तरी जवळपास पन्नास निरोगी लोक रिअ‍ॅक्टिव्ह दाखवले जातील. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या साठ जणांपैकी खरे दहाच. रक्तपेढीची चाचणी पिशवीसाठी असते, ती शंका आली की पिशवी फेकते, आणि तसंच असायला हवं. माणसाचं निदान आयसीटीसीत होतं. आम्ही हा फरक शिबिरात कधी बोलूनच दाखवत नाही. एचआयव्ही आणि एड्सचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात संमती आणि गोपनीयता स्पष्ट लिहिली आहे. पण आमच्याकडे समुपदेशनाला वेगळी खोली नाही, बोलणं फ्रिजच्या आडोशाला होतं. ती खोली द्या.

याची दुसरी बाजूही आहे. काहीजण आपल्याला लागण झाली की काय हे फुकटात कळावं म्हणून रक्तदानाला येतात. तेच सगळ्यात धोक्याचे, कारण ते बहुधा विंडो पिरियडमध्येच येतात. आयसीटीसीत तपासणी मोफत आणि गुप्त होते, हे प्रत्येक शिबिराच्या फलकावर मोठ्या अक्षरात हवं. नॅटनं दहा दिवसांपर्यंतचं अंधारं टोक उरतंच, ते फक्त प्रामाणिक दाता भरून काढतो. 1 जानेवारी 1998 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे धंदेवाईक दाते बंद झाले, पण 'बदली रक्त आणा' म्हणून नातेवाइकांवर येणारा दबाव अजून संपलेला नाही. दबावाखाली आलेला मेहुणा प्रश्नावलीत खरं लिहील का? 14 एप्रिलला, 15 ऑगस्टला, गणपतीत आमच्याकडे रांगा लागतात आणि मे महिन्यात फ्रिज रिकामा असतो. वर्षभर दर तीन-चार महिन्यांनी येणारे पन्नास दाते मला एका दिवशी आलेल्या दोनशेपेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

रोवणीवरून आलेल्या त्या बाईचा मुलगा दर एकवीस दिवसांनी येतो. पुढची तारीख आमच्या वहीत लिहिलेली आहे. या महिन्यापासून मी त्याच्या पिशवीवर, लेबलच्या खाली, बॉलपेननं चाचणीचं नाव लिहिते आहे. असं लिहायचा आदेश नाही, आणि त्यावरून मला विचारणा झाली तर हे पत्र मी उत्तर म्हणून जोडेन. नॅटसाठी नमुने पाठवायची व्यवस्था प्रायोगिक म्हणून कुठं सुरू करायची असेल तर आमचं केंद्र धरा. आमच्याकडून नागपूरची पहिली एसटी पहाटे साडेपाचला निघते. त्याआधी नळ्या फिरवून डबा भरून देण्याची जबाबदारी माझी.

आपली,
पूर्व विदर्भातल्या एका रक्तपेढीतली तंत्रज्ञ